सावलीचं वावडं

मे महिन्यात कतारच्या मुऐदरमध्ये माणसं सावलीसाठी भांडतात. आमच्या गल्लीत बोरीचं एकच झाड होतं आणि त्याच्याखाली गाडी कोणी लावायची यावरून दोन चांगल्या शेजाऱ्यांचं बोलणं बंद पडलं होतं. अशा ठिकाणी एका बाईंचं भांडण खुद्द सावलीशी होतं. सावली अंगणात आली की त्या घरातून धावत यायच्या, कंबरेवर हात ठेवून तिच्याकडे बघायच्या आणि थाई भाषेत तिला काहीतरी सुनावायच्या. सावली अर्थातच ऐकायची नाही.

त्या थायलंडच्या. बिन महमूद भागातल्या एका लहानशा थाई हॉटेलात त्या मुख्य स्वयंपाकीण होत्या आणि मुऐदरच्या एका जुन्या व्हिलाच्या पुढच्या भागात राहायच्या. मागचा भाग आमच्याकडे होता. आम्ही म्हणजे आई, बाबा आणि मी. बाबा इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन आहेत. आम्ही मूळचे कुडाळकडचे, त्यामुळे घरात मालवणी, शाळेत इंग्रजी आणि बाकी सगळीकडे हिंदी असा आमचा कारभार होता. मी तेव्हा बारावीत होते. आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि एखाद्या माणसाबद्दल कसं लिहायचं हे काही मला नीट माहीत नाही. म्हणून आठवेल तसं लिहिते.

सावलीचं प्रकरण असं होतं. थायलंडमध्ये घराच्या अंगणात खांबावर एक छोटं घर उभारतात. त्या जमिनीचा जो मूळ राखणदार, त्याचं ते घर. बाईंनी ते थायलंडहून सुट्या भागांत आणून जोडलं होतं. सोनेरी छपराचं, चार खांबांचं, मोठ्या पेटीएवढं. आई पहिल्यांदा ते बघून एवढंच म्हणाली, "म्हणजे जागेवालो." आमच्याकडे प्रत्येक जागेला जागेवाला असतो, त्यामुळे आईला पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. फक्त एक नियम तिला नवा होता. मोठ्या घराची सावली छोट्या घरावर पडता कामा नये. पडली तर जागेवाल्याचा अपमान होतो, आणि मग घरात राहणाऱ्यांचं काही खरं नाही.

"आपण सगळे भाडेकरू," बाई त्यांच्या मोडक्या हिंदीत सांगायच्या. "घरमालक पण भाडेकरू." हे त्या घरमालकांसमोर मात्र बोलायच्या नाहीत.

आता हा नियम पाळायला अंगण मोठं लागतं, आणि आमचं तसं नव्हतं. दुपार कलली की व्हिलाची सावली फरशीवरून सरकत सरकत छोट्या घराच्या दिशेने निघायची. हिवाळ्यात तर ती थेट खांबावर चढायची. यावर बाईंनी उपाय शोधला होता. हॉटेलातून त्यांनी एक भलंमोठं स्टीलचं ताट आणलं होतं. सावली जवळ आली की त्या ते ताट घेऊन उन्हाच्या पट्ट्यात उभ्या राहायच्या आणि उन्हाचा कवडसा छोट्या घरावर पाडायच्या. सूर्य मावळेपर्यंत. त्यांची ड्यूटी दुपारची सुटून संध्याकाळी पुन्हा लागायची, त्यामुळे बहुतेक दिवस हे जमायचं. ज्या दिवशी हॉटेलची व्हॅन लवकर यायची त्या दिवशी ताट माझ्याकडे. फिजिक्समधलं परावर्तन मी पुस्तकात वाचलं ते नंतर. आधी ते माझ्या खांद्यांना कळलं.

जागेवाल्याला रोज सकाळी थोडा भात, एखादं फळ आणि लाल सोड्याची बाटली मिळायची. बाटलीत स्ट्रॉ. स्ट्रॉ नसेल तर बाटली ठेवायच्याच नाहीत. मी एकदा भीत भीत विचारलं की त्याला स्ट्रॉ कशाला लागते. त्यांनी मलाच विचारलं, "तू पाहुण्यांसमोर बाटलीला तोंड लावतेस?" मी लावत नव्हते. विषय संपला.

एकदा कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे वाणसामानाच्या दुकानात, लाल सोडा संपला होता. बाई कासावीस होऊन आमच्या दारात आल्या. आईने कोकम सरबताचा ग्लास पुढे केला. बाईंनी रंग बघितला, एक घोट चाखला, डोळे बारीक करून बराच विचार केला आणि ग्लास स्ट्रॉसकट छोट्या घरासमोर नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा महिनाभर घरघरणारा एसी आपोआप गप्प झाला. तेव्हापासून जागेवाल्याला आठवड्यातून एक दिवस कोकम ठरलं, आणि गावाहून येणाऱ्या प्रत्येकाकडे आईने कोकमाच्या आगळाची बाटली मागवायला सुरुवात केली.

या बाईंच्या कपड्यांवरून आम्हाला वार कळायचा. थायलंडमध्ये प्रत्येक वाराचा एक रंग असतो. सोमवारी पिवळा, मंगळवारी गुलाबी, बुधवारी हिरवा, गुरुवारी नारिंगी, शुक्रवारी निळा. बाई तो इतक्या काटेकोरपणे पाळायच्या की बाबांनी सकाळी कॅलेंडर बघणं सोडून दिलं. उठायचं, खिडकीतून बघायचं, अंगणात निळं दिसलं की शुक्रवारची सुट्टी, परत झोपायचं. एका गुरुवारी बाईंचे सगळे नारिंगी कपडे धुवायला पडले होते, म्हणून त्या निळ्या गाऊनवर झाडांना पाणी घालत होत्या. बाबांनी निळं बघितलं आणि पांघरूण ओढून घेतलं. कंपनीची बस हॉर्न वाजवून वाजवून निघून गेली. बाबांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीतला तो पहिला खाडा. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी माफी मागितली नाही, उलट बाबांवरच त्या रागावल्या. गुरुवारी निळं दिसल्यावर माणसाने चौकशी करायला नको का, असं त्यांचं म्हणणं.

कतारमध्ये त्यांच्यासाठी देऊळ नव्हतं. सणाच्या दिवशी थायलंडमधल्या त्यांच्या गावच्या देवळातून भिक्खूंचं पठण फोनवर थेट दिसायचं. बाई फोन टेबलावर ठेवायच्या, खाली उशी, पुढे फुलं. फोनकडे पाय करून बसायचं नाही. नेट अडकलं आणि भिक्खू तोंड उघडलेल्या अवस्थेत थांबले, की बाईही हात जोडून तशाच थांबायच्या, भिक्खू पुन्हा हलेपर्यंत.

अशाच एका पौर्णिमेला देवळाभोवती मेणबत्ती घेऊन तीन प्रदक्षिणा घालायच्या होत्या. देऊळ फोनमध्ये, म्हणून प्रदक्षिणा टेबलाला. प्रदक्षिणा म्हटल्यावर आई लगेच सामील झाली, आणि तिच्या मागोमाग मी. अडचण एवढीच की फोनला चार्जर लावलेला होता आणि वायर आडवी येत होती. देवळाच्या वायरीवरून पाय कसा टाकायचा? म्हणून वायर काढली. बॅटरी अगदी तळाला गेलेली. मग आम्ही तिघी मेणबत्त्या सांभाळत टेबलाभोवती जवळजवळ पळत होतो. तिसरी फेरी पूर्ण झाली आणि देऊळ बंद पडलं. दोघींना हे अगदी वेळेवर झाल्यासारखं वाटलं. मला मात्र दम लागला होता.

आईचं आणि त्यांचं कसं जमलं हे मला अजून नीट सांगता येत नाही. आईला इंग्रजी येत नाही, हिंदी जेमतेम. बाईंचं हिंदी हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिकलेलं, म्हणजे त्यात भाज्यांची नावं आणि ओरडायचे शब्द तेवढे पक्के. तरी दोघी रोज दुपारी एकमेकींशी तासन्‌तास बोलायच्या, आई मालवणीत, बाई थाईत. सुरुवात ठरलेली. थायलंडमध्ये भेटल्यावर कशी आहेस असं न विचारता जेवलीस का असं विचारतात. आईही तेच विचारते. "जेवलंस काय गो?" आई म्हणायची, त्या त्यांच्या भाषेत तेच विचारायच्या, दोघी एकदमच, आणि उत्तर न देता दोघी स्वयंपाकाला लागायच्या.

बाई उखळात कच्च्या पपईची कोशिंबीर कुटायच्या. त्यांच्याकडची सुकी कोळंबी संपली तेव्हा आईने आपला जवळा भाजून टाकला. बाईंनी खाल्लं, आईच्या तोंडाकडे बघितलं आणि थाईत एक लांबलचक वाक्य बोलल्या. आई म्हणाली, "मगे? आमच्या वेंगुर्ल्याचो आसा." मी मध्येच विचारलं की त्या काय म्हणाल्या ते तुला कळलं का. आई म्हणाली, त्यात न कळण्यासारखं काय आहे.

मी बाईंच्या हॉलमध्ये अभ्यास करायचे, कारण त्यांच्याकडे टेबल होतं. त्या मला 'नोंग' म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण, आणि आईला 'पी', म्हणजे थोरली. दर थोड्या वेळाने माझ्या वहीशेजारी काहीतरी खायला यायचं. नारळाच्या रसातला चिकट भात आणि त्यावर आंबा हे मी पहिल्यांदा त्या टेबलावर खाल्लं, आणि इंटिग्रेशनच्या पानावर त्याचा डाग अजून आहे.

आता बाबांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आलं.

एप्रिलच्या मध्यावर थाई लोकांचं नवं वर्ष असतं. त्या दिवशी रस्त्यात एकमेकांवर पाणी उडवतात. मुऐदरच्या रस्त्यात ते शक्य नव्हतं, म्हणून बाईंनी अंगणात पाईप लावून मला आणि आईला भिजवलं. भिजवलं म्हणजे काय, दहा मिनिटांत आम्ही वाळलो. पण या सणाचा दुसरा भाग शांत असतो. घरातल्या थोरांच्या हातांवर सुगंधी पाणी घालून त्यांचा आशीर्वाद घ्यायचा. व्हिलात थोर म्हणून बाबाच. बाईंनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, स्वतः गुडघ्यांवर बसल्या आणि मोगऱ्याच्या पाकळ्या घातलेलं पाणी वाटीतून त्यांच्या हातावर सोडलं.

बाबांनी पाणी येताना बघितलं आणि हाताची ओंजळ आपोआप वाकडी झाली. उजवा हात वर, डावा खाली. त्यांनी ते पाणी भुरका मारून प्यायलं आणि ओला हात डोळ्यांवरून डोक्यावर फिरवला.

बाबा आईकडे झुकून हळूच म्हणाले, "वायच कडू आसा."

कडू असणारच, त्यात अत्तराची पूड होती. मला वाटलं बाई आता हसतील. पण त्या गुडघ्यांवरच मागे सरकल्या आणि त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला. इतकी वर्षं त्या थोरांच्या हातावर पाणी घालत आल्या, पण ते कोणी प्यायलं नव्हतं. हा माणूस प्यायला, तेही बरोबर कसं प्यायचं ते माहीत असल्यासारखं. म्हणजे हा नक्की 'प्राम' आहे, असं त्यांनी जाहीर केलं. प्राम म्हणजे ब्राह्मण. छोटं घर उभारायला आणि हलवायला थायलंडमध्ये पांढऱ्या कपड्यातला ब्राह्मण बोलावतात, आणि त्यांच्या मते ब्राह्मण मूळचे भारतातले असल्यामुळे आम्ही तर मूळ माल होतो.

बाबांनी त्यांना शांतपणे समजावलं की आम्ही ब्राह्मण नाही. बाईंनी बोटांवर मोजत विचारलं. भारतातले? हो. हिंदू? हो. पाणी प्यायलात? हो. मग?

तेव्हापासून बाबा वर्कशॉपमधून तेलकट कपड्यांत आले की बाई अंगणातून हात जोडून "प्राम" म्हणायच्या आणि ते चोरासारखे मागच्या दाराने आत शिरायचे.

आता घरमालक. ते वयस्कर कतारी गृहस्थ होते, मऊ बोलणारे. आठवड्यातून एकदा यायचे, पाण्याची टाकी बघायचे आणि जाताना खिशातून मूठभर धान्य काढून छोट्या घराच्या ओसरीवर टाकायचे. त्यांना ते कबुतरांचं घर वाटत होतं. बाईंना वाटायचं घरमालक जागेवाल्याला नैवेद्य दाखवतात, आणि त्यामुळे त्यांच्याबद्दल त्यांच्या मनात फार आदर होता. दोघांमधली दुभाषी मी. पण या बाबतीत मला कोणी काही विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला घरमालक आले आणि मला म्हणाले की उन्हाने सगळ्यांच्या गाड्या भाजून निघतात, म्हणून पुढच्या शनिवारी अंगणावर लोखंडी शेड टाकायची. पूर्ण अंगणावर. त्यांना वाटलं आम्ही खूश होऊ. बाबा झालेही. मी बाईंना सांगितलं.

त्यांनी एकदा वर आकाशाकडे बघितलं, एकदा छोट्या घराकडे. ताटाने भागण्यातला हा प्रकार नव्हता. त्या आत गेल्या आणि थोड्या वेळाने आतून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येऊ लागला. त्या सामान बांधत होत्या. हॉटेलच्या कामगारांच्या फ्लॅटमध्ये एक पलंग रिकामा होता. शेड येईल त्या दिवशी किल्ली देईन, असं त्यांनी मला सांगितलं. सावलीत त्याला ठेवणार नाही, आणि त्याला दुसरीकडे कुठे उन्हात एकटा सोडून आपण इथे राहणार नाही. रागावलेल्या नव्हत्या. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या घरात कोणी कोणाला जेवलंस का असं विचारलं नाही. आई भांडी घासून झाल्यावर पुन्हा घासत होती. आमच्या आधीच्या जागेत आई दिवसभर कशी गप्प असायची ते मला आठवत होतं. तिथे ती टीव्हीतल्या बायकांना उत्तरं द्यायची.

म्हणून मी घरमालकांकडे गेले. मोठ्या माणसांशी बोलायची मला सवय नाही. जाताना वाक्यं पाठ केली होती, तिथे पोचल्यावर एकच आठवलं. छोट्या घराला ऊन लागतं, असं मी म्हटलं. त्यांना नवल वाटलं. "कबुतरांना? या उन्हात?" खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायला माझं इंग्रजी पुरणार नव्हतं. त्या बाईंची तशी इच्छा आहे, एवढंच मी म्हणाले. त्यांनी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, कबुतरं तर गच्चीवरच असतात, गच्चीवर ने. खलास.

गच्ची. मोठं घर पायाखाली गेलं की त्याची सावली वर कशी पडणार? मी धावत येऊन बाईंना सांगितलं. त्या चिकटपट्टी हातात घेऊन ऐकत राहिल्या. बँकॉकला मोठ्या इमारतींवर अशी घरं गच्चीवर असतात, हे त्यांनाही माहीत होतं. पण गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि डिशचा अँटेना होता. डिशची सावली घराची धरायची की नाही? त्यांनी थायलंडला थोरल्या बहिणीला फोन लावला, बहिणीने देवळातल्या भिक्खूंना विचारलं. भिक्खूंनी निरोप दिला की हे आमच्या खात्यात येत नाही. ब्राह्मणाला विचारा.

फोन ठेवून बाईंनी सावकाश मान वळवली आणि आमच्या दाराकडे बघितलं. बाबा नुकतेच मागच्या दाराने आत शिरले होते.

बाबांनी साफ नकार दिला. त्यांना मंत्र येत नव्हते, आणि ओळखीतल्या एखाद्या खऱ्या भटजींना विचारतो म्हणाले तर बाईंनी विचारलं की ते पाणी प्यायले होते का. आईने दुसरं सुचवलं. गावाला देवासमोर गाऱ्हाणं घालतात. एक जण देवाशी आपल्या बोलीत बोलतो, सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्याला मंत्र लागत नाहीत. बाबा म्हणाले, "गाऱ्हाणा घालूचो मान आमचो नाय." ते खरं होतं. तो मान गावातल्या मोठ्या घराचा. आमचं घराणं मागे उभं राहून "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांतलं.

आई भाताचं पातेलं खाली ठेवत म्हणाली, "ती गेली तर मी बोलतलंय कोणाशी? तुम्ही सांजचे येतास आणि बातम्यो लावतास."

बाबा बराच वेळ भात कालवत राहिले. मग त्यांनी मला विचारलं की गच्चीवर ऊन कुठे कुठे असतं ते बघून ठेवशील का.

तो माझा आयुष्यातला पहिला सर्व्हे. मी दिवसभर गच्चीवर खडूने सावल्यांच्या कडा आखत होते. आई ताकाचे ग्लास आणून देत होती आणि माझ्या डोक्यावर ओला टॉवेल टाकत होती. संध्याकाळी गच्ची एखाद्या खुनाच्या जागेसारखी दिसत होती, पण एक चौकोन असा सापडला जिथे टाक्यांची सावली येतच नव्हती. डिशची मात्र एका बाजूने यायची. बाबांनी बघून निकाल दिला की डिश ही वस्तू आहे, घर नव्हे. बाईंनी हात जोडून तो निकाल मान्य केला. ब्राह्मण म्हणून बाबांचं ते पहिलं काम.

शुक्रवारी सकाळी छोटं घर वर नेलं. बाई निळ्या कपड्यांत होत्या. हॉटेलातल्या त्यांच्या दोन मैत्रिणीही आल्या होत्या, त्याही निळ्यात. बाबांनी पांढरा शर्ट, पांढरा पायजमा आणि टोपी घातली होती आणि खांब सरळ आहे की नाही ते वर्कशॉपच्या लेव्हलने तीनदा तपासलं होतं. मला वाटतं तेवढाच वेळ गाऱ्हाणं लांबत होतं. समोर केळी, उकडलेली अंडी, नारळाच्या वड्या, लाल सोडा, कोकम, दोन्हींत स्ट्रॉ. उदबत्त्या वाऱ्याने विझत होत्या म्हणून एक मैत्रीण ओढणी धरून उभी होती.

सगळे तयार झाले. बाबांनी टोपी नीट केली. घसा साफ केला. पुन्हा टोपी नीट केली. मला त्यांच्याकडे बघवेना. मग एकदम, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, ते बोलू लागले.

"बा देवा म्हाराजा!"

आई एकटीच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"बा मुऐदरच्या जागेवाल्या, तू जो कोण असशीत तो, आमच्या आदी हय रवणारो..."

"व्हय म्हाराजा." आता मीही म्हणाले. बाईंनी आमच्याकडे बघितलं.

"आज तुझा घर खालसून वर आणला आसा. ता हौशेन नाय, गाडयेची शेड येता म्हणान. काय चूकभूल झाली आसात तर लेकरांची म्हणान पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी बाईही म्हणाल्या, आणि त्यांच्या मागून दोघी मैत्रिणी. उच्चार त्यांचे होते, पण जोर बरोबर जागी होता. बाबांना तो ऐकू आला असावा, कारण त्यांची छाती जराशी फुगली.

"ही बाय तुझ्यावर सावली पडता नये म्हणान उन्हात ताट घेऊन उभी रवता. तिच्या वाटेक जी काय इडा-पिडा आसात, ती बारा वाटेन पळवून लाव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि हिच्या मनात हयसून जावचो जो इचार इलो हा," बाबा आईकडे न बघता म्हणाले, "तो पण बारा वाटेन पळवून लाव. हिका हयच ठेव रे म्हाराजा."

हे ठरलेलं नव्हतं. सगळ्यांत मोठ्याने, डोळे गच्च मिटून, बाईच म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!"

जिन्याच्या दारातून कोणीतरी "इन्शाल्ला" म्हणालं. घरमालक धान्याची पिशवी घेऊन वर आले होते आणि प्रार्थना चालू आहे असं बघून तिथेच अदबीने उभे राहिले होते. त्यांनी पुढे येऊन मूठभर धान्य ठेवलं, सगळ्यांना सलाम केला आणि लगेच खाली गेले.

उदबत्त्या जळून संपेपर्यंत थांबायचं असतं, म्हणजे जागेवाल्याचं जेवण होतं. आम्ही टाकीच्या आडोशाला बसलो. बाईंनी मला जवळ बोलावून विचारलं की प्राम काय काय बोलले. मी सगळं सांगितलं. शेवटच्या वाक्यापाशी जरा अडखळले, पण तेही सांगितलं.

त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग बाबांकडे बघितलं. बाबा लेव्हल पुसत होते, खूप मन लावून.

"मी हो म्हणाले," बाई म्हणाल्या.

"हो."

"मोठ्याने?"

"सगळ्यांत मोठ्याने," मी म्हटलं.

त्या उठल्या, कपडे झटकले आणि छोट्या घरासमोर जाऊन उभ्या राहिल्या. बाबांसारखाच घसा साफ केला आणि थाईत बोलायला लागल्या. बरंच बोलल्या. मध्ये एकदा आईकडे हात केला, एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे आणि माझ्या अभ्यासाच्या दिशेने, म्हणजे खाली हॉलकडे. मग थांबल्या आणि मान वळवून आमच्याकडे बघत राहिल्या. मैत्रिणी तोंडावर हात धरून हसत होत्या.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. एक शब्दही कळला नव्हता. पहिल्यांदा बाबा उठले. त्यांच्या नेहमीच्या, मागे उभं राहून बोलायच्या आवाजात ते म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग आई म्हणाली, मग मी.

बाईंनी समाधानाने मान हलवली आणि अंडी सोलायला बसल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं की तुम्ही काय मागितलंत.

त्यांनी माझ्या हातात एक सोललेलं अंडं ठेवलं. "तुझ्या बाबांनी," त्या म्हणाल्या, "मला आधी विचारलं होतं?"